रामबाईचं नाव

घरात माणूस गेलं की आपण सगळं रीतीप्रमाणे करतो. दहावं करतो, तेरवी करतो, पाहुण्यांना वाटेला लावतो. मग दार लागतं आणि घरात उरतात ती माणसं एकमेकांशी काय बोलावं हेच विसरतात. टीव्ही चालू राहतो. असं घर तुमच्या ओळखीचं नसेल तर तुम्ही भाग्यवान. गोंदियाच्या सारस अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर असं एक घर होतं.

घर तुलसीराम रहांगडाले यांचं. ग्रामसेवक म्हणून निवृत्त झाल्यावर ते जिल्ह्यातल्याच गोरेगावाजवळचं गाव सोडून मुलाकडे, उमेंद्रकडे, राहायला आले होते. सून भूमेश्वरी, दुसरीत शिकणारी नात रुचि आणि बायको रामबाई. दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात रामबाई गेल्या. ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि तिथून त्या परत आल्या नाहीत.

तेरवीनंतर सगळे जेवायला बसले होते. रुचि म्हणाली, "आजी असती तर मला आंब्याची कोय दिली असती."

तुलसीरामजी ताटावरून उठले. हात धुतला. बाहेरच्या खोलीत जाऊन उमेंद्रला बोलावलं.

"माह्यासमोर तिचं नाव नाही काढायचं. कोणीच. फोटो बी आत ठेवून दे."

उमेंद्रने फोटो कपाटात ठेवला. भूमेश्वरीने रुचीला समजावलं. पोर शहाणी होती, तिने ऐकलं. घरच्यांना वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं दुःख आहे, मान राखावा. तुलसीरामजींना वाटलं, नाव नाही निघालं तर दुखणार नाही. दोन्ही गोष्टी खोट्या होत्या, पण तसं कोणी म्हटलं नाही.

तळमजल्यावर एस्तर मसीह नावाच्या बाई भाड्याने राहत. छत्तीसगढच्या मिशन दवाखान्यात जन्मभर नर्स होत्या. एकट्याच होत्या. शनिवारी दुपारी त्या अपार्टमेंटमधली पोरं जमवत. येशूच्या गोष्टी सांगत, गाणी म्हणून घेत, बिस्किटं वाटत. गुरुवारी बायका बसत. कोणाचा नवरा पितो, कोणाला मूल होत नाही, बायका बोलत आणि एस्तरबाई ऐकत. शेवटी त्या डोळे मिटून प्रार्थना करत. यात लपवाछपवी काही नव्हती. दार सताड उघडं असायचं.

भूमेश्वरी गुरुवारी जायची. रुचि शनिवारी जायची. तुलसीरामजींना वाटे, दोघी बागेत जातात.

सोसायटीचा सेक्रेटरी होता श्यामलाल. दिवाळीच्या आधी एका शनिवारी त्याने तुलसीरामजींना पार्किंगमध्ये गाठलं.

"काकाजी, आपके घर की बच्ची भी जाती है उधर. मालूम है ना? आज बिस्कुट, कल धर्म बदलेंगे."

"कोण, आमची रुचि?"

"और बहू भी. मैं क्या झूठ बोलूँगा? चलो, देख लो."

दोघे तळमजल्यावर गेले. चपलांचा ढीग पडला होता. आत पोरं सतरंजीवर गोल बसली होती, मागे भिंतीला टेकून रुचीला घेऊन आलेली भूमेश्वरी. एस्तरबाई म्हणाल्या, "अब जिसको किसी के लिए प्रार्थना चाहिए, वो बोले."

एका पोराला सायकल हवी होती. सगळी हसली. मग रुचि उभी राहिली.

"माझ्या आजीसाठी. तिचं नाव रामबाई. ती झोपताना तिचा पाय माझ्या पायावर टाकायची. तिच्या टाचांना भेगा होत्या, त्या टोचायच्या. मी म्हणायची, आजी, पाय काढ. आता कोणी टोचत नाही. घरी सांगता येत नाही. आबाजी उठून जातात."

तुलसीरामजी दारात उभे होते. जे नाव त्यांनी स्वतःच्या घरातून घालवलं होतं, ते एका परक्या बाईच्या खोलीत, सायकल मागणाऱ्या पोरांमध्ये, मोठ्याने घेतलं जात होतं. रडायचं सोडून ते पेटले. आत जाऊन त्यांनी रुचीचं मनगट धरलं.

"आमच्या घरचं मेलेलं माणूस तुमच्या खेळाले आणलं काय, बाई?"

"भाईसाहब, बच्ची ने खुद..."

"चूप राहा. लेकरं बिघडवून राहिली तुम्ही."

भूमेश्वरी उठून सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, हात सोडा तिचा. दुखून राहिला तिला."

त्यांनी सोडला नाही. जिन्यावर रुचि एकदाच म्हणाली, "आबाजी, मी पुन्हा नाही घेणार नाव." आणि तिने ते पाळलं.

त्याच संध्याकाळी श्यामलालने मिटिंग घेतली. बायका आपसात कुजबुजल्या, पण बोलल्या नाहीत. कोणीतरी म्हणालं, तुलसीरामकाकांच्या घरापर्यंत प्रकरण गेलं म्हणजे आता हद्द झाली. तुलसीरामजींना विचारलं तेव्हा त्यांनी होकारार्थी मान हलवली. घरमालकाला फोन गेला, आणि एस्तरबाईंना दिवाळीपर्यंत घर खाली करायला सांगितलं गेलं.

वर तिसऱ्या मजल्यावर काय झालं, ते कोणत्याही मिटिंगमध्ये आलं नाही. रुचि बोलायची थांबली. भूक लागली का, तर मान हलवायची. शाळेतून बाईंचा फोन आला, मुलगी वर्गात तोंड उघडत नाही. भूमेश्वरी स्वयंपाक करायची, वाढायची आणि आत जायची. एका सकाळी उमेंद्र चहा घेता घेता म्हणाला, "दिवाळी झाली की ती रुचीला घेऊन माहेरी जाते म्हणते. सालेकशाला. तिथल्याच शाळेत टाकते म्हणते."

"आणि तू?"

"मी काय बोलू, बाबूजी? या घरात बोलून राहिलं कोण?"

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी समोरच्या फ्लॅटमधल्या धुरपताबाई वाटीत करंज्या घेऊन आल्या. त्या सौंदडच्या, तलाव बांधणाऱ्या कोहळी घराण्यातल्या. नवरा ईश्वरदास जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्या बोलण्यात तो रोज असायचा.

"यंदा आमच्यात सण नाही," तुलसीरामजी म्हणाले.

"सणाच्या नाही देऊन राहिली. लेकरासाठी आणल्या. ईश्वरदास असता त अर्ध्या वाटेतच खाऊन टाकल्या असत्या त्यानं. मेला हावरा." त्या खुर्चीवर बसल्या. "एक सांगा भाऊ, ते एस्तर कायले चालली?"

"लेकरायचा धर्म बुडवून राहिली होती ते."

"असं काय? मंग तुमचा सांगा. तुमच्या पोवार समाजात सणाले पितरायले घास देते ना? विस्तवावर?"

तुलसीरामजींनी मान डोलावली. त्यांच्या घरी बिरानी म्हणत त्याला. सणाच्या दिवशी कोणी जेवायच्या आधी निखाऱ्यावर घास ठेवायचा आणि गेलेल्यांची नावं घ्यायची. फ्लॅटमध्ये गॅस आला तेव्हाही रामबाई गॅलरीत लोखंडी घमेल्यात गोवरी पेटवून बिरानी देत. सासऱ्याचं, सासूचं, सगळ्यांचं नाव घ्यायला लावत.

"आखाडीच्या सणाले दिली?" धुरपताबाईंनी विचारलं.

"नाही."

"पोळ्याले?"

"नाही."

"आज?"

तुलसीरामजींनी करंज्यांची वाटी बाजूला सरकवली.

"काऊन नाही, ते मी सांगते. घास दिला त रामबाईचं नाव घ्या लागन. तुमच्यानं घेववत नाही. म्हणून तिला उपाशी ठेवलं तुम्ही, आणि तिच्या सासू-सासऱ्यायले बी ठेवलं. मंग धर्म कोणं बुडवला जी? त्या बाईनं का तुम्ही?"

"माह्यानं नाही होत, धुरपताबाई. नाव काढलं की छाती फाटते."

"फाटू द्या ना! आमचे म्हातारे तलाव बांधत, त पहिले सांडवा कुठं काढायचा ते पाहत. पाणी जायले वाट नाही ठेवली त पाळ फुटते, आणि खालचं गाव वाहून जाते. तुमच्या दुःखाले तुम्ही वाट नाही ठेवली. त्या लेकरानं आपली वाट शोधली, खाली जाऊन. ते बी तुम्ही बुजवली. आता पाळ फुटून राहिली त कोणाच्या नावानं बोंबलता?"

त्या उठल्या. दारातून म्हणाल्या, "रामबाई गेली तेव्हा या अपार्टमेंटातून कोण आलं होतं रोज? श्यामलाल? तो तेरवीले जेवून गेला. तेरा दिवस आत स्वयंपाकघरात तुमच्या सुनेपाशी बसली ते एस्तर. तुम्हाले ठाऊक बी नाही."

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

तुलसीरामजी जिना उतरले. खाली टेम्पो लागला होता. पलंग, एक कूलर, गुंडाळलेली सतरंजी. एस्तरबाई कुलूप हातात घेऊन उभ्या होत्या.

"बाई, थांबा. मी श्यामलालशी बोलतो. मालकाशी बोलतो."

"मालिक ने दूसरा किरायेदार रख लिया, भाईसाहब. राजनांदगाँव में बहन है, वहीं जा रही हूँ."

"माझं चुकलं."

एस्तरबाईंचा चेहरा निवळला नाही.

"मैं झूठ नहीं बोलूँगी. मैं येशू का नाम लेती हूँ, और चाहती हूँ कि सब लें. आपको पसंद नहीं था तो मुझे बोलते, मैं बच्ची को नहीं बिठाती. पर उसे हाथ पकड़के घसीटा आपने. मैं रोज सोचती हूँ, मैंने उसे रोने की जगह दी, और वही उसकी सजा बन गई." त्यांनी कुलूप लावलं. "अब मेरे लिए कुछ मत कीजिए. ऊपर जाइए."

टेम्पो गेला. वरच्या गॅलरीतून बायका पाहत होत्या. हात कोणी केला नाही.

तुलसीरामजी वर आले. माळ्यावरून लोखंडी घमेलं स्वतः काढलं. धुरपताबाईंच्या मुलाने, धर्मेंद्रने, कुठून तरी दोन गोवऱ्या आणून दिल्या. गॅलरीत धूर झाला. भूमेश्वरी काही न विचारता ताट घेऊन आली. उमेंद्र आला. रुचि आईच्या मागे उभी राहिली.

तुलसीरामजींनी वडिलांचं नाव घेतलं, घास ठेवला. आईचं घेतलं. मग हात थांबला. त्यांना वाटलं, हे नाव पोरीच्या तोंडून यावं, तिचाच हक्क आहे.

"रुचि, आजीचं नाव घे, बेटा."

रुचीने आईकडे पाहिलं. मग आजोबांकडे. हळूच मान हलवली.

"नाव नाही काढायचं," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी बोलली, ती एवढंच.

मग तुलसीरामजींनी स्वतःच म्हटलं. रामबाई. आवाज फुटला, म्हणून पुन्हा म्हटलं. मग ते पोराबाळांसमोर, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असे रडले. उमेंद्रही रडला. रुचि रडली नाही. ती आईचा पदर धरून विस्तवाकडे पाहत राहिली.

भूमेश्वरी सालेकशाला गेली. परत येणार की नाही, ते तिने सांगितलं नाही. तुलसीरामजी रविवारच्या गाडीने जातात आणि नातीजवळ बसून तिच्या आजीच्या गोष्टी सांगतात. पोर ऐकते, पण अजून बोलत नाही. ते बोलत राहतात.

बंधुभगिनींनो, आपल्या सोसायटीत कोण कोणत्या देवाला हात जोडतं यावर आपण मिटिंगा घेतो. जरूर घ्या. पण त्याआधी आपल्या घरातलं लेकरू कोणापाशी जाऊन रडतं, ते विचारा. ते परक्याच्या दारात जात असेल, तर ते दार बंद करून लेकरू घरी येत नाही. आपलं दार उघडावं लागतं, आणि ते वेळेवर उघडावं लागतं. तुलसीरामजींना उशीर झाला. तुम्हाला अजून झालेला नसेल, तर आज रात्रीच्या जेवणाला बसाल तेव्हा आपल्या घरातून गेलेल्या माणसाचं नाव घ्या, आणि ताटावरून उठू नका.