सखाबाईची बसाची जागा

तलावाच्या पाळीवर शेवाळावरून घसरली अन् माह्या खुब्याचं हाड मोडलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीन ज्योत्सना मॅडम फोटो दाखवून म्हनल्या, "सखाबाई, मांडीच्या हाडाची मान तुटली." घ्या, हाडालेबी मान असते हे मले या वयात समजलं.

"तुटका गोळा काढून नवा बसवू. मग चालाल तुम्ही."

"चालून कुठं जाऊ? बसाले येईन का?"

मॅडम म्हनल्या, "खुर्चीवर बसा. जमिनीवर नाही, अन् उकिडवं तर कधीच नाही. गोळा निसटेल."

आता काय सांगू? आमी ढिवर लोक. सिहोऱ्याच्या बाजारात मी उकिडवी बसते, पावशी, आमची मासोळी कापाची विळी, पायाखाली दाबते अन् मासोळी कापून देते म्हनून गिऱ्हाइकाले हाक मारते. माह्या सासूची जागा हाये ते. तिथं बसाले नाई भेटलं तं घरात पडून भिंती पाहू का? लई रडली मी. आमचा बुढा, मोतीलाल, खाटेजवळ उभा होता. सारं त्यानं आयकलं. पन आपरेशनच्या दिवशी सकाळीच सुनेले, रंजूले, माह्यापाशी बसवलं अन् "गावाले जाऊन येतो" म्हनून निघून गेला. असा राग आला मले.

पाठीत सुई देली अन् कमरेखालची मी गेलीच. पाय मले न विचारता निघून गेले. वरचा दिवा हळूहळू पान्यात उतरला अन् चांद झाला. मी तलावावर उताणी तरंगून राहिली होती, कमळाची पानं कानाले लागत होती. माहे पाय पुढं पोहत होते, तरण्या पोरीचे, तोरड्या घातलेले. थांबा म्हनलं, पन थांबले नाईत. मले काई दुःख वाटलं नाई.

मंग ठक ठक आवाज आला. पाहते तं बुढा पाळीवर बसून डोंगा फोडून राहिला. आमचा डोंगा, ज्याच्यातून त्यानं मले तलावापलीकडून नवरी करून आनलं तो. "काहून तोडता जी?" म्हनलं. तो हासला फक्त.

"झालं, सखाबाई," मॅडम म्हनल्या. "हातोडीच्या आवाजानं घाबरल्या का?"

"तुमची होय का ते? मले वाटलं आमच्या बुढ्याची."

पाऊल टाकाले लागली तशी एक दिवस बुढ्यानंच मले बाजारात नेलं. माह्या जागेवर लाकडाचा उंच पाट होता, कंबरेएवढा, अन् समोर तेवढ्याच उंचीवर पावशी रोवलेली. शेजारची उषाबाई हासली, "आता तं तुह्याशी वर पाहून बोला लागन वो."

मी बसली. पाय खाली मोकळे राहिले. लाकडावर हात फिरवला तं कडेले जाळं ओढून ओढून पडलेली खाच लागली. आमच्या डोंग्याची ते खाच मी आंधळी असती तरी वळखली असती.

"कधी केलं जी हे?"

"तुह्या आपरेशनच्या दिवशी," बुढा म्हनला. "दवाखान्यात नुसता उभा राहून मी काय केलं असतं?"

"अन् आता मासोळी कशी धरता?"

"काठाकाठानं."

टोपली उघडली. खोल पान्यातली मरळ एकबी नव्हती. नुसते झिंगे होते, बारीक बारीक. मले रडू आलं, पन गिऱ्हाईक उभं होतं. पदरानं तोंड पुसलं अन् अख्ख्या बाजाराले आयकू जाईन अशी हाक मारली, "झिंगे घ्या वो, आमच्या बुढ्यानं धरलेले झिंगे."