कच्चा घाणा

मनिषभाईंच्या डहाणूतल्या फुग्यांच्या कारखान्याचं काम निलमकडे आलं, तेव्हा तिनं साहेबांपासून एक गोष्ट लपवली. भट्टीवरची कमळी तिची सख्खी मावशी होती.

निलमची कंपनी पुण्याची. कारखान्यात जायचं, तिथला कारभार अजून वहीवर चालतो की संगणकावर ते तपासायचं, शून्यापासून पाचपर्यंत पायरी द्यायची, आणि वरची पायरी कशी गाठायची याचा रस्ता आखून द्यायचा, असा त्यांचा धंदा. कामगारांत नातलग निघाला की ते काम दुसऱ्याकडे जाई, तसा नियमच होता. पण निलमला हे काम सोडायचं नव्हतं. डहाणू तिच्या पायाखालचं होतं. उधव्याच्या पाड्यावरून अकरावीला आली ती कमळीच्याच खोलीत दोन वर्षं राहिली. मावशी दिवसभर भट्टीपुढे उभी राहून यायची, चूल पेटवायची, आणि ही पुस्तकातून मान वर न काढता जेवायची. त्या बदल्यात निलमनं तिला अक्षरं शिकवली होती. अंगठा लावणारी कमळी सही करायला लागली ती तेव्हापासून.

पहिल्या दिवशी निलमनं मावशीला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं.

"इथं मला निलम मॅडम म्हणायचं. ओळख दाखवायची नाही."

कमळी हसली. "बरं. मॅडम तर मॅडम."

मग एकेका कामगाराला बोलावून प्रश्न विचारणं सुरू झालं. निलम प्रत्येकाला आधी सांगे की खरं बोला, तुमच्यावर काही येणार नाही. कमळी समोर बसली तेव्हाही तिनं तेच सांगितलं. कमळीनं मोकळेपणानं सारं सांगून टाकलं. रबराच्या चिकात बुडवलेले साचे भट्टीत जातात. भट्टीवरचा तापमानाचा काटा दोन वर्षांपासून बंद पडलाय. ती साच्यावरून एक फुगा उतरवते, दोन बोटांत ताणते, नाकाशी धरते. शिजला असेल तर घाणा बाहेर काढते, कच्चा असेल तर आणखी ठेवते.

"मग वहीत दर तासाला तापमान लिहिलंय ते?"

"ते मीच लिहिते. शेठला आकडे लागतात ना. अंदाजानं टाकते."

निलमनं लिहून घेतलं. अहवालात ते वाक्य असं गेलं: भट्टीच्या नोंदी काल्पनिक आहेत. कारखान्याला पायरी मिळाली एक.

मनिषभाईंनी अहवाल वाचून कपाळाला हात लावला नाही. ते हुशार गृहस्थ होते. परदेशातला ग्राहक मोठी मागणी द्यायला तयार होता, पण त्याची अट तिसऱ्या पायरीची होती. "तीन करून द्या, बेन," ते म्हणाले. "जे पाहिजे ते लावा. मी मागं हटणार नाही."

निलमनं आराखडा दिला. भट्टीत नवे सेन्सर, भिंतीवर मोठा पडदा, तापमान ठरलेल्या आकड्यावर आलं की दिवा हिरवा आणि भट्टी आपोआप बंद. वापीहून सूरज नावाचा तंत्रज्ञ येऊन बसवून गेला. तीन महिने कमळीला पडद्याशेजारी उभं केलं. तिनं बोटांनी सांगायचं, शिजला की नाही, आणि सूरजनं आकडा टिपायचा. तिच्याच बोटांवरून हिरव्या दिव्याचा आकडा ठरला. कमळीला याचं अप्रूप वाटे. जेवणाच्या सुट्टीत ती बायकांना सांगायची, "ते मशीन माझ्याकडून शिकतंय."

दुसऱ्या तपासणीच्या दोन दिवस आधी एक सेन्सर जळाला. सूरजनं घाईघाईनं नवा बसवला. तपासणीच्या सकाळी निलमनं भट्टीत डोकावून पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं, की सेन्सर चुकीच्या जागी बसलाय, तापणाऱ्या नळीच्या अगदी लगत. भट्टी आतून थंड असली तरी पडद्यावर आकडा चढलेला दिसणार.

"किती फरक पडेल?" तिनं विचारलं.

"आठ, दहा अंश," सूरज म्हणाला. "काढून लावायचा तर भट्टी गार करावी लागेल. दोन दिवस."

बाहेर गाडी थांबली होती. ग्राहकाच्या प्रतिनिधी चंद्रिकाबाई मुंबईहून आल्या होत्या, आणि निलमचे साहेबही.

"आज राहू दे," निलम म्हणाली. "पुढच्या आठवड्यात बघू."

पाहुणे भट्टीपाशी आले. मनिषभाईंनी पडदा दाखवला, दिवे दाखवले, आणि मग त्यांना एक गंमत सुचली. त्यांनी कमळीला हाक मारली.

"ही आमची जुनी मशीन," ते म्हणाले. पाहुणे हसले. "बावीस वर्षं बोटांनी भट्टी चालवली. आज बघू या, कोण हुशार."

हिरवा दिवा लागला. भट्टी बंद झाली. कमळीनं पुढं होऊन एक फुगा उतरवला, ताणला, नाकाशी धरला.

"कच्चा आहे शेठ. अजून ठेवा."

"दिवा तर हिरवा आहे."

"दिवा असू दे. हा घाणा कच्चा आहे."

मनिषभाईंनी तो फुगा तिच्या हातातून घेतला, तोंडाला लावून फुगवला आणि गाठ मारून चंद्रिकाबाईंच्या हातात दिला. फुगा छान टम्म फुगला होता. कच्चा फुगाही त्या दिवशी फुगतोच. तो चिकट होतो, कुजतो, ते काही आठवड्यांनी. हा घाणा कच्चा आहे, हे तिथं तिघांना ठाऊक होतं, कमळीला, सूरजला आणि निलमला.

"आमच्या मॅडमना विचारा," मनिषभाई म्हणाले. "मॅडम, कोण बरोबर?"

कमळीनं निलमकडं पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. खरं काय ते निलम सांगणार, याबद्दल तिला शंकाच नव्हती.

"यंत्रणा बरोबर आहे," निलम म्हणाली. "माणसाच्या अंदाजात चूक होऊ शकते."

"ऐकलंस?" मनिषभाई कमळीला म्हणाले. "आता तूच सांग पाहुण्यांना. चूक झाली म्हण."

कमळीनं बोटं पदराला पुसली. सगळी माणसं हसऱ्या चेहऱ्यानं वाट पाहत होती. सूरज हातातल्या वायरला टेप गुंडाळत बसला होता.

"चूक झाली," ती म्हणाली.

चंद्रिकाबाईंनी टाळ्या वाजवल्या. तशी सगळ्यांनीच वाजवल्या. कारखान्याला तिसरी पायरी मिळाली.

पुढच्या आठवड्यात सूरज आला आणि सेन्सर काढून योग्य जागी लावून गेला. निलमच्या सांगण्यावरून त्यानं त्याची नोंद कुठेच केली नाही. मधल्या आठ दिवसांचा माल मात्र खोक्यांत भरून बंदराकडे गेला होता.

सव्वा महिन्यानं तक्रार आली. फुगे एकमेकांना चिकटून लगदा झाले होते. मनिषभाईंनी पुण्याला फोन लावला, आणि साहेबांनी कारण शोधायला निलमलाच पाठवलं. सेन्सर तपासला, तर तो आता अचूक होता. मग उरलं कोण? निलमनं दोन दिवस घेतले. त्या दोन दिवसांत खरं सांगायच्या चार संधी तिला मिळाल्या. शेवटी तिनं स्वतःचाच जुना अहवाल उघडला आणि त्यातलं वाक्य नव्या अहवालात उतरवलं. सदर कर्मचारी पूर्वीपासून काल्पनिक नोंदी करत असल्याचे तिने स्वतः कबूल केले आहे. यंत्रणेत हाताने हस्तक्षेप झाल्याची शक्यता नाकारता येत नाही.

मनिषभाईंनी कमळीला ऑफिसात बोलावलं. निलम शेजारच्या खुर्चीत होती. कबुलीचा आणि राजीनाम्याचा कागद पुढे सरकवून मनिषभाई म्हणाले, "सही कर. पोलिसांत देत नाही, एवढे उपकार समज."

कमळीनं कागद हातात घेतला आणि वाचला. एकेक अक्षर लावत, ओठ हलवत, पार शेवटपर्यंत. मनिषभाई घड्याळ बघत होते. वाचून झाल्यावर तिनं सही केली, पेन टोपण लावून टेबलावर ठेवलं आणि बाहेर गेली.

डहाणूत फुग्यांचे कारखानदार एकमेकांना ओळखतात. कमळी पाच ठिकाणी फिरली. पाचही ठिकाणी तिच्या आधी तिचं नाव पोचलेलं होतं. खोली सोडून ती उधव्याला बहिणीच्या घरी, म्हणजे निलमच्याच आईकडे, राहायला गेली आणि लोकांच्या भातलावणीला जाऊ लागली.

निलम महिन्याभरानं घरी गेली. तिला बढती मिळाली होती. आईनं पाण्याचा तांब्या दिला आणि गोठ्यात निघून गेली. ओटीवर कमळी नागलीचं पीठ चाळत बसली होती. लावणीच्या पाण्यानं तिच्या बोटांची कातडी भेगाळली होती.

निलम समोर बसली. "मावशी, तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं."

"होतं," कमळी म्हणाली.

"माझी नोकरी गेली असती."

"गेली असती." कमळीनं चाळणीवर थाप मारली. "दुसरी मिळाली असती. तू शिकलेली आहेस."

निलमला वाटलं, आता ती रडेल, शिव्या देईल, मग आपल्यालाही रडता येईल. पण कमळीनं पीठ डब्यात भरलं, झाकण घट्ट लावलं आणि म्हणाली, "जेवून जा. तुझ्या आईला सांगते, चार भाकरी जास्त टाकायला."

निलम जेवली नाही. अंधार पडायच्या आत ती तलासरीच्या फाट्यावर येऊन एसटीत बसली.

पुण्यात साहेबांनी मूल्यमापनाच्या प्रश्नांत सुधारणा सुचवायला सांगितल्या, तेव्हा तिनं एक नवा प्रश्न सुचवला. ज्याच्याशिवाय काम अडेल, असा एखादा कामगार आहे का? असल्यास त्याचं नाव. साहेब खूश झाले. एका माणसावर अडून राहणं ही कारखान्याची सर्वांत मोठी कमजोरी, तिथंच आधी यंत्र बसवायला हवं, आणि आपण हे कधी विचारलंच नाही, असं ते बैठकीत म्हणाले.

तो प्रश्न पहिल्यांदा विचारायचा योग तलासरीजवळच्या एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात आला. समोर रघ्या बसला होता. पन्नाशीचा माणूस, खांद्यावर टॉवेल. निलमनं त्यालाही सांगितलं, खरं बोला, तुमच्यावर काही येणार नाही. मग प्रश्न विचारला.

रघ्या लाजला. इतक्या वर्षांत त्याला असं कुणी विचारलं नव्हतं.

"आता आपल्या तोंडानं काय सांगायचं, मॅडम," तो म्हणाला. "पण तीन नंबरची मशीन माझ्याबिगर चालत नाय. आवाजावरनं कळतं मला, काय बिघडलंय ते. कुणालाबी विचारा."

"कसं कळतं? सविस्तर सांगा."

तो खुर्चीत पुढं सरकला आणि सांगू लागला. निलम लिहीत होती. तासाभरानं तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला.

"नाव रघ्याच लिहा हां, मॅडम. कागदावर रघुनाथ हाय, पण त्या नावानं मला इथं कोण वळखत नाय."

"रघ्याच लिहिलंय," निलम म्हणाली, आणि तिनं पुढच्या कामगाराला आत बोलावलं.