रुखवतातली काजळी

अकोल्याला रेल्वेच्या दुरुस्ती कारखान्याला वीज पुरवणारं कोळशाचं पावरहाऊस जयवंताबाईच्या मळ्याला खेटूनच होतं. त्याचं धुराडं तिच्या डोळ्यांत सवतीसारखं सलायचं. एरवी त्याची काजळी मळ्यावर पडली तरी भागायचं, वांगी धुऊन बाजारात नेली की झालं. पण यंदा तिच्या शकुनचं लग्न होतं. रुखवतात पांढऱ्याशुभ्र कुरडया मांडायच्या होत्या, अन् अकोटची विहीण वच्छलाबाई म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला केस शोधायला चष्मा लावून बसणारी.

जयवंताबाई थेट भट्टीपाशी गेली. कोळसा टाकणारा नत्थुजी घाम पुसत उभा होता.

"काहो नत्थुजी, तुमच्या धुराड्याले दोन दिवस तोंड मिटून बसता येत नाई का?"

"आग विझली त कारखान्यातल्या मशिनी तुमी हातानं फिरवसान का बाई?"

"फिरवीन. तुमच्यापेक्षा बरी फिरवीन. पन माह्या कुरोड्या वाळू द्या!"

नत्थुजी हसला. बायलरच्या नळ्या झाडल्या की खरी काजळी उडायची. ते काम त्यानं पुढं ढकललं.

पण फुकटचा उपकार घेईल ती जयवंताबाई कसली? सकाळी कुरडया बाजेवर घातल्या, अन् टोपलीभर वांगी तिनं स्वतः भट्टीवर पोचवली. "भाजा, भरीत करा, अख्खी पाळी जेवा."

आता वांगं भाजायला जाळ नाही, निखारा लागतो. नत्थुजीनं लांब सळई घेऊन भट्टी अशी ढवळली, की धुराडं भडाभडा ओकलं. ओल्या कुरडयांवर काळे ठिपके बसले ते बसलेच.

"मेल्या नत्थ्या!" जयवंताबाईनं मळा डोक्यावर घेतला.

"आई, पन वांगे कोनं नेऊन देल्ले?" शकुननं विचारलं.

"तू गप. नवरी हायेस."

पुन्हा गहू भिजवायला वेळ नव्हता. त्याच कुरडया रुखवतात गेल्या. वच्छलाबाईनं एक उचलून उजेडात धरली.

"विहीनबाई, हे काळं काय हो?"

जयवंताबाईनं मान ताठच ठेवली.

"काळे तीळ. आमची खानदानी चाल हाय. अकोटात नाई टाकत का?"

भरल्या मांडवात आपल्याला ठाऊक नाही म्हणेल, तर ती वच्छलाबाई कसली!

"टाकतो ना! आमी त बाई जास्तच टाकतो."

पुढच्या उन्हाळ्यात शकुन माहेरी आली ती सासूनं दिलेला डबा घेऊन. कुरडया तिळानं नुसत्या काळ्याकुट्ट. जयवंताबाईनं एक तळली, कुर्रकन तोडली.

"बऱ्या हायेत," ती धुराड्याकडं बघत म्हणाली, "पन आपल्या चवीच्या नाईत."