कापलेलं गवत

मी विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेत मेकॅनिक आहे आणि तोंडाने फटकळ आहे. शिकाऊ पोरांची दोन सीटांची छोटी विमानं माझ्या हाताखालून जातात. त्यातल्याच एकात आज माझी भाची पहिल्यांदा एकटी उडणार होती. याआधी दोनदा ती ऐनवेळी, उडण्याआधीच, रडत विमानातून उतरली होती. काल मला म्हणाली, "मावशी, उद्याही नाही जमलं तर मी सोडते गं."

"सोड की! बस घरी माशा मारत," मी म्हटलं.

सकाळी येऊन बघते तर काय, धावपट्टीच्या दोन्ही अंगांचं गवत सफाचट आणि त्यात बगळे टिपत फिरतायत! शेजारी आमचे मॅनेजर खुशीत उभे. पाठीमागे आम्ही त्यांना टापटीप म्हणतो.

"पाहुणे येणारेत. जरा बरं दिसायला नको?"

"बरं? अहो, गवत कापलं की आतले किडे उघडे पडतात. पाखरांना आयतं ताट वाढून ठेवलंत तुम्ही!"

"हात्तिच्या! हाकलू की." असं म्हणून ते टाळ्या पिटत धावले. बगळे उडाले आणि आरामात त्यांच्याच मागे येऊन बसले. मला हसूही येत होतं आणि त्यांचा गळा धरावासाही वाटत होता.

शेवटी शिकवणाऱ्या सरांनी पाखरं उडवायला बंदुकीचे हवेत बार काढले. पट्टी रिकामी झाली आणि भाची उडाली. तीनपैकी एक फेरी मारून उतरायला आली. चाकं टेकणार तेवढ्यात कापलेल्या गवतातून एक बगळा उठला. धाड! विमान एका अंगाला कललं. मग ते सरळ झालं, टेकलं, थांबलं.

मी धावत गेले. पंखाच्या कडेला वाटीएवढा पोचा पडला होता. बगळा बिचारा जिवानिशी गेला होता.

"घाबरलीस का गं?"

"वेळ कुठे होता?" ती म्हणाली आणि सरांकडे वळली. "सर, अजून दोन फेऱ्या राहिल्यात. ते दुसरं विमान द्या ना!"

"पाखरं जाऊ देत, मग बघू," सर म्हणाले.

दुपारपर्यंत पाखरं पोट भरून पांगली. सरांनी मला विचारलं, "दुसरं विमान तयार आहे ना?"

ठणठणीत होतं. मीच तपासलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

"सकाळी तर तयार म्हणाला होतात!" सर म्हणाले. विमानाबद्दल मी कधी खोटं बोलत नाही. भाची जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, आता तू घाबरलीस?"

"गप गं, भवाने!" मी ओरडले. तिने माझे हात धरले आणि ती सोडेचना.

"विमान तयार आहे," मी सरांना म्हटलं. "मी नाहीये. पण तुम्ही तिला जाऊ द्या."