भरलेला कॅन

“किडनी सुधारली गं माझी,” मोबाइलवरचा रिपोर्ट नाकाशी धरून बाबगोंडा म्हणाले. “पर्युषण पर्वात यंदा निर्जळी उपास करतो. चतुर्दशीचा तरी.”

ब्राह्मीच्या हातातली पळी आमटीत तशीच राहिली.

बेळगावच्या डॉक्टरांनी समजावलं होतं, की रक्तावरून किडनीचा नुसता अंदाज येतो आणि अंग झडलेल्या माणसात तो फसतो. म्हणून चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये धरायची. त्यातून किडनीचा आकडा खाली आला, तर डायलिसिस.

पण जैनांच्या नेमाप्रमाणे दिवस मावळला की बाबगोंडांच्या तोंडात पाण्याचा थेंबही जायचा नाही. पहाटेपर्यंत कॅनचा तळ जेमतेम झाकला होता. एवढ्याशानं नवऱ्याला मशिनला जोडतील, या धास्तीनं ब्राह्मीनं आपली लघवी त्यात ओतली होती. पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालावं, तितक्या सहज. वर णमोकार मंत्रही म्हणाली होती बिचारी.

आणि नवरा कोण, तर निपाणीत तंबाखूच्या वखारीत जन्मभर काटा धरलेला. पाणी मारून पोत्याचं वजन वाढवणाऱ्याला त्यानं कधी दारात उभं केलं नव्हतं. त्याच्याच घरात माप खोटं झालं होतं.

रिपोर्ट आला त्या संध्याकाळी त्यांचे पाय चेपताना तिचा अंगठा सुजेत रुतला. काढून घेतला तरी खळगा भरेना.

“अवो, उपास नगा करू.”

“का? रिपोर्ट चांगला हाय की.”

“त्यो तुमच्या एकट्याचा न्हाय. कॅनमधी माझं बी हाय.”

बाबगोंडांनी पाय आवरून घेतले. ते रागावले असते, तर तिला बरं वाटलं असतं.

“किती?” त्यांनी विचारलं.

“तांब्याभर. तुमास्नी मशिनला लावत्याल म्हणून लई भ्याले मी.”

त्यांनी फक्त मान हलवली. उपासाचं नाव पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच नवा कॅन घेऊन आले आणि त्यावर आपलं नाव घातलं. चोवीस तास भरले, तेव्हा त्यांनी तो उंबऱ्यावर उजेडात ठेवला. वखारीत काट्याकडे बघायचे, तसा एक डोळा मिटून ते वाकले. तळाशी बोटभरही नव्हतं.

“आता बरोबर हाय,” ते म्हणाले, आणि त्यांनी झाकण घट्ट लावलं.