लंकाबाईच्या घराची आतली बाजू

पाथर्डी तालुक्यातल्या ज्या ओढ्यात पोरं मे महिन्यात क्रिकेट खेळतात, तो सप्टेंबरात एका रात्रीत अकरा घरं घेऊन गेला. म्हणून भिंगारहून आमचं युवक मंडळ घरं बांधायला गेलं. आमच्यापैकी कोणीही कधी घर बांधलेलं नव्हतं. गणपतीचा मांडव मात्र आम्ही बारा वर्षं घालतोय, आणि आमचा अध्यक्ष हर्षल याच्या मते फरक एवढाच, की घर दहा दिवसांनी सोडायचं नसतं.

आमच्या वाट्याला लंकाबाईचं घर आलं. घर म्हणजे एक लोखंडी चौकट आणि तिला लागलेलं लोखंडी दार. एवढंच दोन शेतं पलीकडे बाभळीला अडकलेलं सापडलं होतं.

लंकाबाईचा नवरा भागवत पहिल्याच दिवशी म्हणाला, "शनवारी ऊसतोडीचा ट्रॅक्टर येतोय. तवर आतून कडी लागंल असं घर झालं, तर धनश्री हितं ऱ्हाईल. रातीला शेजारची गोजरबाई सोबतीला येती. न्हाईतर पोरगी आमच्यासंगं फडावर."

धनश्री दहावीला होती. फडावर गेली की दहावी संपली. ती पत्रे वाहत होती, तिने पुढच्या खेपेला दोन जास्त उचलले.

आधी चौकट उभी केली. लंकाबाईने तिला हळदकुंकू वाहिलं, आंब्याची पानं बांधली. हर्षलने भक्तिभावाने दीड गोणी सिमेंट चौकटीच्या पायाशी ओतलं. सिमेंट तेवढंच होतं. बाकीचे पाइप मुरमात ठोकायचे ठरले.

मी चौकटीच्या बाजूने निघालो, तर लंकाबाई कडाडली, "तिथून कुठं? दारातून या!"

"मावशी, भिंत कुठंय?"

"दार हाय ना?"

"मग चपला?"

"भाईर."

बाहेर म्हणजे कुठे, ते तिने बोटाने दाखवलं. मी माळरानात उभा राहून चपला काढल्या, दारातून आत शिरलो आणि पुन्हा माळरानातच पोचलो. चार दिवस आम्ही सगळे असेच ये-जा करत होतो. मला शेवटपर्यंत सवय झाली नाही.

शनिवारी सकाळी घर उभं राहिलं. तीन बाजूंना पत्रे, वर पत्रे, पुढे दार. लंकाबाईने जमीन सारवली. धनश्री आत गेली, दार लोटलं. मग आतून आवाज आला, "दादा, कडी कुठंय?"

कडी हर्षलच्या नाकासमोर होती. बाहेर.

बाहेरची कडी पुरात तुटून गेली होती, आतलीच शाबूत होती. आम्ही दाराला एक कडी पाहिली आणि ती बाजू बाहेर करून चौकट बसवली. भिंगारात आमच्या बहुतेकांच्या घरी आई-वडील दोघंही नोकरीला. कुलूप लावायचं आणि किल्ली शेजारी द्यायची, ही आमची दाराबद्दलची एकूण समज.

"वेल्डिंगवाला आणू," मी म्हणालो.

"लाईट कुठंय? खांब आडवे हायत," भागवत म्हणाला.

"चौकट उपटू?"

"पुजलेली?" लंकाबाईने विचारलं. शिवाय दीड गोणी.

भागवत धनश्रीचे कपडे पिशवीत भरू लागला. साडेदहा वाजले होते. ट्रॅक्टर पाचला येणार होता.

धनश्री बाहेर आली. दाराच्या अलीकडून पाहिलं, पलीकडून पाहिलं. मग म्हणाली, "दाराला काय ठाव आत कुठंय? आई म्हनली म्हनून ती बाजू आत. आता ही बाजू आत म्हना."

"ही म्हणजे?"

"हीच. तुमी उभं हाय ती."

"हे अंगण आहे."

"हुतं."

मला कळलं नाही. हर्षललाही कळलं नाही, पण त्याचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे सोडायचंय! अरे, सोडायला तर आपल्याला येतं!"

दीड तासात घर सुटलं. चौकट तशीच ठेवून दाराच्या दुसऱ्या अंगाला उभारायला मात्र वेळ लागला, कारण आपण कोणत्या बाजूला उभे आहोत हेच कोणाला सांगता येईना.

"पत्रा घरात घे!" हर्षल ओरडला.

"कुठल्या घरात?"

"होणाऱ्या!"

साडेचारला शेवटचा नट आवळला. सारवलेली जमीन आता बाहेर होती. लंकाबाई तिच्याकडे बघून म्हणाली, "बरं झालं, आंगन आधीच सारवून ठिवलंय."

पाचला ट्रॅक्टर आला. मुकादम बजरंग रस्त्यावरून घराकडे बघतच राहिला. सकाळी जिथे दार होतं तिथे नुसता पत्रा. "आरं, घर पाठमोरं कसं बसलं?"

"रुसलंय," भागवत म्हणाला, आणि धनश्रीची पिशवी तिच्या हातात परत दिली.

धनश्री आत गेली. लंकाबाई दारासमोर उभी राहिली. "लाव."

खट्ट.

लंकाबाईने दाराला खांदा दिला. पुन्हा दिला. मग भागवतला द्यायला लावला, मग हर्षलला. दार हललं नाही.

"आई, उघडू?"

"नगं. लागलीय तर ऱ्हाऊ दे." तिने दारावर तळहात टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि जाऊन ट्रॅक्टरात बसली.

ट्रॅक्टर दिसेनासा झाल्यावर आम्ही चपला शोधल्या. सकाळी बाहेर काढलेल्या सगळ्या चपला आता घरात होत्या.

दार वाजवायची हिंमत एकाचीही झाली नाही. भिंगारपर्यंत अनवाणी आलो.