खोकल्यासकट चाललं असतं

मित्रांनो, खिडकीजवळच्या टेबलावर काळा पडदा दिसतो ना, तो मी. संगणक, वय अकरा वर्षं. आलो तेव्हा कोरा होतो. या घरच्या बाईंनी माझ्यात लिनक्स, म्हणजे मला चालवणारी प्रणाली, घातली आणि मला कामाला लावलं. अंध मुलांसाठी त्या गोष्टींची पुस्तकं मोठ्याने वाचायच्या आणि मी तो आवाज साठवायचो. मध्येच "अहो, तेवढा पंखा बंद करा," असं यजमानांना म्हणायच्या. पुस्तक पुरं झालं की असले बोल काढून टाकायच्या आणि मगच बाहेरच्या डिस्कवर प्रत करायच्या. अर्धवट पुस्तकाची प्रत कधीच नाही.

लिनक्सची आवृत्ती दोन तऱ्हेची मिळते. स्थिर म्हणजे पारखलेली, अस्थिर म्हणजे नवी, अजून कच्ची. बाईंचा धाकटा भाऊ संगणक दुरुस्त करतो. तो चिडवायचा, "ताई, तुझा हा म्हातारबा."

"म्हातारबा पडत तरी नाही," बाई म्हणायच्या. त्यांनी कायम स्थिरच ठेवली.

शेवटच्या पुस्तकाची सहा प्रकरणं झाली आणि त्या दवाखान्यात गेल्या. "बंद करू नका हो, आल्यावर पुढचं वाचते." आल्या नाहीत. यजमानांनी मला आठ महिने चालू ठेवलं. त्या प्रकरणांतलं पंख्याचं वाक्य ते रोज ऐकायचे. पण आवाजात खोकला होता, तो त्यांना सोसवेना.

"भाऊजी, खोकला पुसायचं साधन आलंय, पण अस्थिर आवृत्तीत," बाईंचा भाऊ म्हणाला.

"मोडणार नाही ना काही?"

"मोडलं तर बंद करून चालू करू. त्यात काय."

आवृत्ती बदलताना अर्ध्या वाटेत माझे नवे-जुने भाग एकमेकांशी जुळेनात. पडदा काळा झाला. शेवटी बटण दाबून धरावं लागलं. परत उठलो तो डिस्कचं कुलूप घेऊन; बंद करून चालू केलं की ते दर वेळी लागतं. परवलीचा शब्द बाईंनी ठरवलेला होता.

"तुम्हाला सांगितला असेल ना?"

"कधी विचारलाच नाही. ती होती की." मग कळफलक पुढे ओढत, "खोकल्यासकट चाललं असतं रे."

तेव्हापासून यजमान रोज सकाळी एक शब्द टाकून बघतात. तो शब्द मलाही ठाऊक नाही. चूक की बरोबर, एवढंच मला कळतं.

मित्रांनो, आपल्या माणसाचं काही संगणकात असेल तर अर्धवट असलं तरी प्रत काढा. चालतंय ते स्थिर राहू द्या. आणि शब्द विचारून घ्या, माणूस समोर आहे तोवर.

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. आजचाही चुकेल.